सातव्या प्रकरणातला चमचा

हिमायतनगर, हैदराबाद
११ नोव्हेंबर २०२४

चि. निर्मला हिला मकरंददादाचा सलाम आणि आशीर्वाद.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोनवरच बोलावं असं मनात होतं. पण गेल्या महिन्यात तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा अश्विनीने ‘मामा, आई आत्ताच झोपली’ असं सांगितलं. सकाळी अकरा वाजता तू कधीपासून झोपायला लागलीस, हे मी तिला विचारलं नाही. लेक अगदी आईवर गेली आहे, खोटं बोलताना आवाज बारीक होतो. असो. नांदेडला थंडी पडली असेल. स्वेटर घालत जा.

इकडे सर्व ठीक आहे. अमोल सकाळी आठला घराबाहेर पडतो आणि परत येईपर्यंत माझी जेवणं, औषधं आणि डुलक्या आटोपलेल्या असतात. मेघना माझ्यासाठी भाजीत तिखट कमी घालते आणि तिची पाठ वळली की मी गोंगुऱ्याचं लोणचं वाढून घेतो. हे तिला माहीत आहे. बरणी खालच्या फळीवर तीच ठेवते, माझा गुडघा वर चढू देत नाही म्हणून. सून म्हणून नावं ठेवायला मला अजून काही सापडलेलं नाही.

देवळाला नवा रंग दिला. माझ्या जागी आलेले नवे पाळक तरुण आहेत, उत्साही आहेत. मराठी उपासनेला आता तीस-पस्तीस माणसं उरली आहेत आणि त्यातल्या निम्म्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून गीतं इंग्रजी अक्षरांत पडद्यावर दाखवतात. मी डोळे मिटून पाठ म्हणतो. लोकांना वाटतं, म्हातारा भक्तीत रंगला.

परवा सुलतान बाजारला कोरे ताव आणायला गेलो होतो. लहानपणी बाबा आपल्याला वह्या घेऊन द्यायचे ते दुकान आठवतं? तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. पोऱ्याने विचारलं, ‘क्या होना, चाचा?’ मी कागद म्हटल्यावर त्याने मला फोटोकॉपीच्या दुकानाचा रस्ता दाखवला.

आता कामाचं.

माझं ‘देवाविषयी सोपं बोलू’ हे पुस्तक तेलुगूत निघतं आहे. तुला ठाऊकच आहे, ते मासिकातल्या लेखांचं पुस्तक. कृपा म्हणजे काय, पाप म्हणजे काय, प्रार्थना करून पाऊस का पडत नाही, असल्या प्रश्नांवर, देवळात न जाणाऱ्या माणसालाही कळावं अशा बेताने लिहिलेलं. भाषांतर प्रियदर्शिनी नावाच्या एक बाई करत आहेत. चिक्कडपल्लीच्या एका कॉलेजात तेलुगू शिकवतात, आजी नांदेडकडची म्हणून मराठी येतं. दर शनिवारी येतात, माझ्याकडून शब्दांचे अर्थ घेऊन जातात आणि मेघनाकडून इडल्या खाऊन जातात.

तेलुगू प्रकाशकांना सातवं प्रकरण सगळ्यांत जास्त आवडलं आहे. ते ‘क्षमा’वालं. अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणाऱ्या बाईचं उदाहरण आहे ते. त्यांना ते पुस्तकाच्या सुरुवातीला घ्यायचं आहे. मात्र त्यांचा एक नवा नियम आहे. खऱ्या माणसाची हकिकत असेल तर त्या माणसाची लेखी संमती लागते. नाव बदललेलं असलं तरी लागते. हल्ली सगळीकडेच असं झालं आहे म्हणे. तसा कागद सोबत पाठवतो आहे. प्रियदर्शिनीबाईंनी तो मराठीत करून दिला. खाली फुलीची खूण केली आहे तिथे तुझी सही कर आणि सोबतच्या पाकिटातून परत पाठव. तिकीट लावलेलं आहे. नुसता सोपस्कार आहे, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही.

वीस डिसेंबरपर्यंत मिळालं तर बरं. नाहीतर पुस्तक ईस्टरला जाईल.

तुझे दिगंबरराव गेले तेव्हा त्यांच्या मातीला मी आलो होतो. कबरस्तानच्या फाटकाशी उभा होतो, गुडघ्यामुळे पुढे आलो नाही. तू पाहिलंस की नाही, कोण जाणे. दोन वर्षं झाली, सांगायचं राहिलं.

अश्विनीला आशीर्वाद. प्रकृतीला जप.

आपला,
रेव्ह. मकरंद हिम्मतराव



हैदराबाद
२ डिसेंबर २०२४

निमा,

सलाम कुठल्या तोंडाने लिहायचा ते कळेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे.

तुझं पत्र गुरुवारी आलं. तीन ओळी. मेघनाने पाकीट फोडून हातात दिलं आणि म्हणाली, ‘आत्यांनी एवढंच लिहिलंय?’ मी म्हटलं, पुरेसं आहे. तुझे शब्द मी इथे उतरवतो, म्हणजे मी ते नीट वाचले एवढं तरी तुला कळेल: ‘कागद मिळाला. त्यात लेखकाचे त्या व्यक्तीशी नाते असा एक रकाना आहे. तो तू मोकळा सोडलास. आधी तो भर, मग सहीचं बघू.’

बाकीचे रकाने मी भरले होते, तेही सुवाच्य अक्षरात. तुझं नाव, वय, अश्विनीचा पत्ता. हा एकच सुटला. मी स्वतःला सांगितलं होतं की नजरचुकीने सुटला. अडतीस वर्षं लोकांना पापकबुलीवर उपदेश केला, त्यामुळे नजरचूक कशी दिसते आणि लबाडी कशी दिसते हे मला ओळखता यायला हवं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

आणि सही कशी केली पाहा. भावाने बहिणीला पत्र लिहिलं आणि खाली ‘आपला रेव्हरंड’. वाचून तू हसली असशील. हसली असलीस तर बरं.

आता लिहितो. जे तेरा वर्षं लिहिलं नाही ते.

हे सगळं प्रियदर्शिनीबाईंमुळे वर आलं, हे आधी सांगून टाकतो. माझ्या मनाने मी अजूनही इथवर आलो नसतो. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी त्या सातव्या प्रकरणाचे कागद घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘सार, एक डाउट आहे. शेवटी तुम्ही लिहिलंय, आज ती बाई शांत मनाने जगते आहे. हे त्या अम्मांनी तुम्हाला सांगितलं का?’

मी विचारलं, ‘का बरं?’

‘माझ्या आईला वाचून दाखवलं ना, ती खूप रडली, सार. तिचंही तसंच काहीतरी आहे, मला कधी सांगत नाही. म्हणाली, त्या अम्मांना शांती कशी मिळाली ते विचारून ये. भेटता येईल का त्यांना?’

मी म्हटलं, ‘त्या परगावी असतात.’

‘सरे, ठीक आहे, सार,’ म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. इडली न खाताच गेल्या.

निमा, ते शेवटचं वाक्य मी बनवलं होतं. मासिकाचा नाताळ अंक छापायला जायचा होता, लेखाला शेवट हवा होता, आणि क्षमेवरचा लेख अशांत बाईवर कसा संपवायचा? तू शांत आहेस की नाही हे मी तुला विचारलंच नव्हतं. तेव्हा चिक्कडपल्लीत तुझं घर माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होतं. चार आवृत्त्या निघाल्या आणि चारही वेळा मी ते वाक्य तपासून पुढे पाठवलं.

तो दिवस मला आठवतो. ऑगस्टचा रविवार होता. उपासना संपली होती आणि देवळामागच्या खोलीत तू प्रभुभोजनाचे छोटे पेले धुऊन पुसत होतीस. मी झगा काढून खुंटीला लावत होतो. तू पेला पुसता पुसता, माझ्याकडे न बघता बोलायला लागलीस. तुझ्या सासूबाई, चतुराबाई, जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. सहा वर्षं तू सासूचं अंग पुसलंस, कूस बदललीस, भरवलंस, हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. लोक तुझं उदाहरण द्यायचे. लकव्याने त्यांची वाचा गेलेली, म्हणून त्या स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायच्या. एकदा वाजवला की पाणी, दोनदा वाजवला की भांडं.

तू सांगितलंस ते असं. मे महिन्यातली दुपार होती. आदल्या रात्री तुला झोप नव्हती. ओला पदर तोंडावर घेऊन तू स्वयंपाकघरात फरशीवर पडली होतीस आणि आतल्या खोलीतून चमचा वाजला. एकदा. थोड्या वेळाने परत एकदा. तू मनात म्हणालीस, पाच मिनिटं. चमचा वाजत राहिला आणि तू उठली नाहीस. जाग होती, तरी उठली नाहीस. मग आवाज थांबला, आणि तुला बरं वाटलं. हे शेवटचं सांगताना तुझ्या हातातला पेला टेबलावर घरंगळला. तू आत गेलीस तेव्हा चमचा त्यांच्या हातातच होता.

डॉक्टर म्हणाले होते, हृदय बंद पडलं, कुणी काही करू शकलं नसतं. मीही तुला तेच म्हटलं. शिवाय बायबलमधलं एक वचन सांगितलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि देवाने क्षमा केली आहे असं सांगून मोकळा झालो. बाहेर कमिटीची माणसं खोळंबली होती, पंख्यांचा विषय होता. सगळं मिळून दहा मिनिटं. सहा वर्षांची सेवा आणि तीन महिन्यांचं ओझं मी दहा मिनिटांत उरकलं, आणि वर मनात म्हणालो, आज एक चांगलं काम झालं.

मग डिसेंबरचा लेख आला. क्षमेवर लिहायचं होतं. सात-आठ पानं लिहून फाडली, सगळी कोरडी. पुस्तकातून घेतलेली विद्वत्ता आणि मधे मधे ‘वाचकहो’. तेव्हा तुझी गोष्ट आठवली. खरं सांगायचं तर ती विसरलोच नव्हतो. उपदेश करणाऱ्या माणसाला हा एक रोग असतो, निमा. समोरचा रडत असतो आणि ह्याच्या मनात कुठेतरी हे उदाहरण कुठल्या रविवारी बसेल ते चाललेलं असतं. मी तो रोग इतकी वर्षं सेवा समजत होतो.

मी सगळं बदललं. हैदराबादचं सोलापूर केलं. मेचा जानेवारी केला. सुनेला दोन मुलगे दिले, नवरा रेल्वेत लावला. फक्त चमचा ठेवला. चमचा काढून पाहिला होता. त्याच्या जागी हाक मारणं घातलं, घंटी घातली. लेख मरून पडायचा. चमचा परत घातला की जिवंत व्हायचा.

तुझ्या वहिनीने मसुदा वाचला. ती माझं सगळं वाचायची आणि पानाच्या कडेला पेन्सिलीने खुणा करायची. त्या दिवशी एकही खूण केली नाही. कागद परत देताना म्हणाली, ‘चमचा काढा.’

मी म्हटलं, ‘अगं, नाव नाही, गाव नाही. कुणाला काय कळणार?’

‘त्या घरात जो जो पाणी प्यायलाय त्याला कळणार,’ ती म्हणाली. ‘आणि निर्मलाताईंना विचारलंत का?’

विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही. हे वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितो आहे. तुझ्या वहिनीने त्यानंतर माझा एकही मसुदा वाचला नाही. विचारलं की डोळे दुखतात म्हणायची. पाच वर्षांपूर्वी गेली, तोवर तिचे डोळे दुखतच होते, आणि कादंबरी मात्र रोज एक संपायची.

लेख गाजला. एकशे बारा पत्रं आली. नागपूरहून, मिरजेहून, कुठून कुठून. एका हिंदू शिक्षकांनी लिहिलं, क्षमा म्हणजे काय ते आयुष्यात पहिल्यांदा समजलं. मी ती पत्रं बिस्किटाच्या डब्यात ठेवली आहेत. अजून आहेत. त्या डब्यात तुझं पत्र नव्हतं, आणि ते का नाही असं मला वाटलंसुद्धा नाही.

आता दिगंबररावांचं.

नाताळच्या आदल्या रविवारी ते त्याच खोलीत आले. हातात मासिक गुंडाळलेलं. मला नेहमी दादा म्हणायचे. त्या दिवशी दारात उभे राहून म्हणाले, ‘पाळकसाहेब, हा किस्सा माझ्या आईचा आहे का? हौ की नै, एवढंच सांगा.’

दोन उत्तरं होती. नाही म्हणून खोटं बोलता आलं असतं, आणि त्या खोट्याबद्दल देवाने मला फार रागावलं नसतं असं मला वाटतं. किंवा हो म्हणून त्यांच्या पायाशी बसता आलं असतं, की चूक माझी आहे, तिची नाही, ती सहा वर्षं उठत होती आणि एक दुपार उठली नाही. मी तिसरंच केलं. सरळ उभा राहिलो आणि म्हणालो, ‘दिगंबरराव, पाळकाजवळ बोललेलं पाळकाजवळच राहतं. मला काही सांगता येणार नाही.’

विश्वास मोडून छापून मोकळा झालो होतो आणि वर हे. त्यांनी मासिकाची गुंडाळी उलगडली. मग म्हणाले, ‘चमचा तर तुम्ही सगळ्या गावाला वाजवून दाखवला, साहेब. आता चूप बसून काय फायदा?’ मासिक टेबलावर ठेवलं आणि गेले. ठेवलं हं, फेकलं नाही. सज्जन माणूस.

त्यांनी तुला टाकलं नाही, हात उगारला नाही, चारचौघांत कधी शब्द काढला नाही. मी त्यावर समाधान मानलं. म्हटलं, चला, निभावलं. मग अमोलच्या लग्नात पंगतीला तू जग घेऊन त्यांच्यामागे उभी होतीस. त्यांनी पेल्यावर हात आडवा धरला, उठले, कोपऱ्यातल्या पिंपापर्यंत चालत गेले आणि स्वतः पाणी घेऊन आले. तू जग घेऊन पुढच्या माणसाकडे वळलीस, जसं काही हे रोजचंच. तेव्हा मला कळलं की ते रोजचंच आहे. लग्नाच्या गडबडीत मी नवऱ्या मुलाचा बाप होतो, सगळे माझ्याशी हसत बोलत होते, आणि मीही हसत बोलत राहिलो. त्या दिवशी तरी तुझ्याकडे यायला हवं होतं. मी दुसऱ्या दिवशी मिठाईचा डबा पाठवला.

अश्विनीने मातीच्या दिवशी फाटकाशी येऊन मला सांगितलं, ‘मामा, बाबा शेवटपर्यंत नर्सकडूनच पाणी प्यायले.’ एवढंच बोलून ती वळली. मी पुढे आलो नाही तो गुडघ्यामुळे नाही, निमा.

इथवर लिहून मी उठलो होतो. चहा घेतला, मेघनाशी उगाच कोथिंबिरीबद्दल बोललो. अजून एक गोष्ट राहिली आहे आणि ती टाळून पत्र संपवता येईल का, ते पाहत होतो. येणार नाही.

त्या रविवारी प्रार्थना झाल्यावर तू मला विचारलं होतंस, ‘दादा, ह्यांना सांगू का?’ तू सांगायला तयार होतीस. मन घट्ट करून आली होतीस, फक्त थोरल्या भावाने हो म्हणावं म्हणून थांबली होतीस. आणि मी म्हणालो, ‘घाई करू नकोस. थांब. योग्य वेळ आली की मी तुला सांगेन.’

आणि मी विसरलो. मी तुला थांब म्हणालो आणि विसरून गेलो. तू ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत माझ्या शब्दाची वाट बघत थांबलीस. दर रविवारी पेले पुसायला येत होतीस, माझ्याकडे बघत होतीस, आणि मला वाटायचं, निमा आताशा फार भक्तीने येते. मग तुझ्या नवऱ्याला ते मासिकातून कळलं. तुझ्या तोंडून ऐकलं असतं तर दिगंबरराव दोन दिवस रडले असते, चार दिवस बोलले नसते, आणि पाचव्या दिवशी तुझ्या हातचं पाणी प्यायले असते. तसले होते ते. तुझं सांगणं मी चोरलं. बाकी चुकांना मी कारणं शोधली, ह्याला कारण नाही. मला क्षमा कर असं म्हणायचाही धीर होत नाही, कारण त्या शब्दावर मी चार आवृत्त्या खपवल्या आहेत. पण म्हणतो. निमा, मला क्षमा कर. नाही केलीस तरी माझं काही म्हणणं नाही.

आणि तेरा वर्षांनी मी तुला काय पाठवलं? तिकीट लावलेलं पाकीट. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

आता काय केलं ते सांगतो, तू विचारलं नाहीस तरी.

शनिवारी प्रियदर्शिनीबाई आल्या तेव्हा सातवं प्रकरण काढून टाका म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, ‘शेवटचं वाक्य खोटं आहे. तुमच्या आईंना सांगा, त्या अम्मांना शांती मिळाली की नाही हे लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं.’ बाईंनी कागद आवरले. मग म्हणाल्या, ‘हे ऐकून आई जास्त रडेल, सार. पण सांगते.’ तेलुगू प्रकाशक आता बघू म्हणतात. त्या प्रकरणाशिवाय पुस्तक बहुधा निघणार नाही. मराठी प्रकाशकालाही कळवलं की पाचवी आवृत्ती नको. देवळातल्या कपाटात एकेचाळीस प्रती होत्या, त्या घरी आणल्या. लोकांच्या घरी गेल्या त्यांचं मी काही करू शकत नाही.

आणखी एक कबुली. शुक्रवारी सकाळी दाढी करताना डोक्यात एक नवं प्रकरण तयार झालं. एका पाळकाचं, ज्याने बहिणीचं गुपित छापलं त्याचं. पहिलं वाक्य तयार, शेवट तयार. इतकं चांगलं मी आजवर लिहिलेलं नाही, आणि ह्यात शेवट खोटाही नव्हता. अर्धी दाढी तशीच ठेवून मी टेबलाशी गेलो, ताव ओढले, पेन उघडलं. मग लक्षात आलं की माझी कबुली लिहायची तर तुझी दुपार परत लिहावी लागणार, आणि चमचा परत वाजणार. रोग मेलेला नाही, निमा. पेन बंद केलं. ते प्रकरण मी लिहिणार नाही. सुलतान बाजारातून आणलेले ताव मेघनाला सामानाच्या याद्या करायला दिले, हे एक पत्र सोडून. ह्याची मी प्रत ठेवलेली नाही. वाचून झालं की फाडून टाक.

तू माघारी पाठवलेला कागद पुन्हा पाठवतो आहे. रकाना भरला आहे. आधी ‘पाळक’ लिहावं असं मनात आलं होतं, कारण ऐकलं ते पाळकाने. पण तू पाळकाला सांगायला आलीच नव्हतीस. त्या खोलीत झगा काढून उभा असलेल्या माणसाला सांगत होतीस. म्हणून ‘भाऊ’ लिहिलं आहे. तुझ्या सहीच्या जागेवर मी आडवी रेघ मारली आहे. सही नको. कागद फक्त त्या रकान्यासाठी ठेव, वाटलं तर.

नांदेडची गाडी मला झेपते. अमोल सोबत येतो म्हणतो, पण एकटाच येईन. तू बोलावलंस तरच. येऊन काही समजावणार नाही, वचन सांगणार नाही, प्रार्थनाही करणार नाही. दारात बसेन, प्रवासाने घसा कोरडा पडलेला असेल, आणि तू दिलंस तर तुझ्या हातचं पाणी पिईन. नाही दिलंस तर तसाच परत येईन. अश्विनीला मधे घालू नकोस, तिने पुष्कळ सोसलं आहे. एका कार्डावर ‘ये’ एवढं लिहिलंस तरी पुरे. नाही लिहिलंस तरी मला समजेल. या खेपेला थांबायचं ते मी.

तुझ्या हातच्या पाण्याची वाट बघणारा,
तुझा भाऊ
मकरंद